मध्यंतरानंतरचा विनोद

मराठी विनोदी सिनेमा बघताना मला मध्यंतराची धास्ती वाटते. तोवर सगळं झकास चाललेलं असतं. माणसं एकमेकांना टोप्या घालत असतात, थापा मारून स्वतःच त्यांत अडकत असतात, थिएटर हसत असतं. सामोसा खाऊन परत येऊन बसावं, तर पडद्यावर कुणाला तरी आई आठवलेली असते आणि मागे बासरी सुरू झालेली असते. पुढचा तासभर नात्यांचं महत्त्व. ज्या गुंत्यापायी आपण हसत होतो तो कुणाच्या अकलेने सुटत नाही, गळामिठीने सुटतो.

अलीकडे बरंच विनोदी पाहणं-वाचणं झालं, काही नवं, काही दुसऱ्यांदा. त्यातलं जे मनापासून आवडलं, त्यात ही बासरी नव्हती.

परेश मोकाशींचा ‘वाळवी’ (2023) हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. नवरा बायकोला पटवतो की आपण जोडीने आत्महत्या करू. प्रत्यक्षात मरायचं तिने एकटीने, आणि त्याने प्रेयसीबरोबर मोकळं व्हायचं. इतका नीच बेत ऐकून प्रेक्षकाने हसावं कसं? पण आपण हसतो, कारण सिनेमा बेताची नीचता बाजूला ठेवून त्याच्या काटेकोरपणाकडे बघतो. कुठे किती वाजता असायचं, कुणाला काय सांगायचं, सगळं ठरलेलं. आणि मग एकेक खिळा निखळत जातो. स्वप्नील जोशीचा गोड चेहरा इथे पहिल्यांदा नीट वापरला गेला असं मी म्हणेन, कारण त्या गोडव्याचीच आपल्याला भीती वाटायला लागते. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की तो सिनेमाच्या नावातच आहे आणि तरीही चकवून जातो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विनोदी सिनेमाला असा मान मिळायला एरवी त्यात थोडं तरी रडावं लागतं, म्हणून जास्तच बरं वाटलं.

त्याच मोकाशींचा ‘नाच गं घुमा’ (2024) मात्र अर्ध्या वाटेवर भावुक होतो. नोकरी करणारी राणी आणि तिच्याकडे कामाला येणारी, रोज उशीर करणारी आशाताई. रागाच्या भरात राणी तिला काढून टाकते आणि घर कोसळायला लागतं. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव यांची जुगलबंदी फक्कड आहे. आशाताईने सबब सांगताना आवाज किती चढवायचा आणि कुठे एकदम रडवेला करायचा, हे संभेराव यांना अचूक कळतं. पण बाईशिवाय पान हलत नाही, हे एकदा कळल्यावर सिनेमाने आणखी आत जायला हवं होतं. पगार, सुट्टी, घरातला चहाचा वेगळा कप, हे सगळं विनोदाचंच रान होतं. त्याऐवजी दोघींच्या जिव्हाळ्याचा सोहळा होतो. केदार शिंदेंच्या ‘बाईपण भारी देवा’बद्दलही (2023) माझी तक्रार हीच. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, आणि सहाही जणी कसलेल्या अभिनेत्री; त्या एकमेकींना टोमणे मारतात तेव्हा मजा येते, समजून घेतात तेव्हा कमी येते. अर्थात बायकांचे घोळके नटूनथटून थिएटरात गेले ते समजून घेण्यासाठीच, तेव्हा माझी तक्रार घरातच ठेवलेली बरी.

हे असं का होतं? मला वाटतं, प्रश्न लांबीचा आहे. मराठी विनोद वाढला तो आखूड अंगरख्यात. 1951 साली सुरू झालेल्या ‘आवाज’सारख्या दिवाळी अंकांना खिडकीचित्रांच्या मधोमध बसेल एवढी कथा हवी असे. माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार यांच्या कथाकथनाला एका बैठकीत संपणारी गोष्ट हवी होती. आता ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ला त्याहून छोटं प्रहसन लागतं. बाजार जेवढं मागतो, तेवढंच लिहिणाऱ्याच्या हाताला वळण लागतं. आपले विनोदी लेखक आणि नट प्रसंगाचे राजे आहेत. पण दोन तास किंवा तीनशे पानं एकच गंमत वाढवत नेण्याची सवय फार थोड्यांना. प्रसंग संपले की मग अश्रूंना बोलावणं धाडावं लागतं.

‘अशी ही बनवाबनवी’ (1988) इतकी वर्षं टिकून आहे त्याचं कारण लोक संवादांत शोधतात. संवाद आहेतच, वसंत सबनीसांचे आहेत. पण खरी कमाल बांधणीची. राहायला जागा नाही या एका अडचणीतून दोन पुरुषांना बायका व्हावं लागतं, आणि पुढची प्रत्येक थाप आधीच्या थापेच्या खांद्यावर उभी राहते. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची (1966), पण इथे ती पुण्यातल्या घरमालकांच्या ओसरीवर अशी काही रुळली, की उसनवारी कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

कादंबरीत हा दम आणखी दुर्मीळ. पु.लं.चं ‘असा मी असामी’ (1964) मी कादंबरीच मानतो. धोंडो भिकाजी कडमडेकर जोशी या कारकुनाच्या आयुष्यात म्हणावं असं काही घडत नाही. घडतं ते मुंबईत, काळात, आणि हा बापडा मागून धापा टाकत येतो. त्याच वर्षीचं दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ माणसांची माळ आहे. मणी एकाहून एक, पण दोरा ओढून बघितला तर फारसा ताण लागत नाही.

ताण बघायचा असेल तर रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ (2005) वाचावी. दुसऱ्या वाचनात ती मला आधीपेक्षा जास्त हसवून गेली. सरकारने साक्षरता अभियान काढलं आहे आणि ते राबवायचं आहे शाळामास्तरांनी. निरक्षर मोजायचे, वर्ग भरवायचे, अहवाल वर पाठवायचे. वरून आकडा येतो, खालून आकडा जातो, आणि मधल्या मध्ये शिकण्या-शिकवण्याचं काम सोडून बाकी सगळं होतं. इंगळे कुणालाच खलनायक करत नाहीत. मास्तर कामचुकार आहेत, पण त्यांची अडचण खरी आहे; साहेब दटावतात, पण त्यांच्याही डोक्यावर साहेब आहे. बुलढाण्याकडची बोली आणि परिपत्रकाची भाषा एकाच वाक्यात शेजारी बसतात, तेव्हा लेखकाला वेगळी कोटी करावीच लागत नाही. आणि हे सगळं शेवटच्या पानापर्यंत तसंच कोरडं राहतं. कुठल्याही म्हातारीला अक्षरं जुळवताना पाहून कुणाचे डोळे भरून येत नाहीत! पुरुषोत्तम बेर्डे यांनी तिच्यावर सिनेमाही केला, पण मला पुस्तकच मोठं वाटतं. त्यातला खरा विनोद सांगणाऱ्याच्या निर्विकार सुरात आहे, आणि सुराला चेहरा दिला की तो लगेच तोंडं वेंगाडायला लागतो.

श्याम मनोहरांचं नाव इथे घ्यायलाच हवं, जरी त्यांना विनोदी लेखक म्हटलं तर त्यांचे भक्त रागावतील. ‘हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव’ (1983) पासून त्यांची आखूड वाक्यं मध्यमवर्गाला चिमटे काढत आली आहेत. एका दमात वाचू नयेत.

‘निशाणी डावा अंगठा’तली सरकारी यंत्रणेची गंमत सिनेमात आणली ती उमेश आणि गिरीश कुलकर्णी यांनी. ‘वळू’त (2008) डुरक्या नावाच्या एका मोकाट बैलाला पकडायला वनाधिकारी येतो, बैल जनावर असला तरी वन्यप्राणी नव्हे, मग तो आला कशाला, या प्रश्नाभोवती अख्खं गाव आपापलं राजकारण करून घेतं. ‘देऊळ’ (2011) जास्त गाजला, राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाले, पण त्याचा उत्तरार्ध गंभीर होण्याची घाई करतो. मला डुरक्याच जवळचा.

आणि मोकाशींचंच एक फसलेलं उदाहरण. ‘मुक्काम पोस्ट बोंबीलवाडी’ रंगभूमीवर धमाल होतं. 1942 साली हिटलर कोकणातल्या एका खेड्यात येऊन पडतो, ही थाप नाटकात प्रेक्षक आनंदाने गिळतो, कारण समोरचं सगळंच खोटं असतं. 2025 च्या सिनेमात प्रशांत दामले हिटलर झाले, खपले, मेहनत दिसली. पण कॅमेरा खरी झाडं, खरी घरं दाखवतो आणि थाप घशात अडकते.

याच्या उलट ‘आत्मपॅम्फ्लेट’ (2023). लेखन मोकाशींचं, दिग्दर्शन आशिष बेंडे यांचं. एका शाळकरी मुलाचं एकतर्फी प्रेम, आणि त्या प्रेमाच्या आड येणारी जात, जिचा अर्थ त्याला हळूहळू कळत जातो. एरवी अशा विषयावर बासरीच काय, अख्खा वाद्यवृंद बसवला असता. इथे निवेदक मात्र मोठमोठ्या राष्ट्रीय घडामोडी आणि वर्गातली चिठ्ठी एकाच पट्टीत सांगत सुटतो. कादंबरीतला तो निर्विकार सूर पडद्यावर आणता येतो, हे मला या सिनेमाने पटवलं. निवेदक जरा कमी बोलला असता तर चित्रांना श्वास घ्यायला जागा मिळाली असती, आणि शेवटाकडची कल्पनेची भरारी काहींच्या डोक्यावरून जाईल. पण त्या वेळी माझ्या शेजारचे आजोबा मोठ्याने हसत होते, आणि त्यांची नात त्यांना विचारत होती की नक्की काय झालं.