नाताळचे जन्मचित्र : वेषपरीक्षा व ध्यानपरीक्षा

आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोमंतकीय चित्रकाराच्या ख्रिस्तजन्मविषयक चित्रांची चर्चा बहुधा वेषापाशीच थांबते. मरियेस साडी नेसविली हे कोणास भूषण वाटले, कोणास दूषण. गोव्यात त्यावरून टीका झाली, आणि पुढे फोन्सेका यांचे वास्तव्य पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात झाले. परंतु प्रार्थनेकरिता काढिलेल्या चित्राची परीक्षा वस्त्रावरून करणे म्हणजे पोथीची परीक्षा बासनावरून करणे होय.

ध्यानचित्राची कसोटी जुन्या ग्रंथांतून मिळते. १५४८ साली छापलेल्या इग्नाती लोयोलाच्या साधनाग्रंथात, साधकाने बेथलेहेमची वाट किती लांब, गुहा किती उंच हे मनश्चक्षूंनी पाहावे व स्वतः दीन सेवक होऊन बालकाजवळ उभे राहावे, असा विधी आहे. त्याच्याच संघातील जेरोम नादाल याच्या १५९३ साली अँटवर्प येथे निघालेल्या संग्रहात १५३ चित्रे असून, चित्रांतील स्थळांस अक्षरे घालून खाली त्यांचा खुलासा दिला आहे. फादर स्टीफन्स हाही त्याच संघाचा. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात त्याने जन्मकथा मराठी ओवीत मांडिली. साडीस परकी म्हणणाऱ्यांनी चारशे वर्षांपूर्वीची ही ओवी विसरू नये.

नांदेडकडील वाचकांस ही कसोटी अपरिचित नाही. माहूरगडी मार्गशीर्ष पौर्णिमेस दत्तजन्माचा उत्सव होतो; अनसूयेचे शिखरही तेथेच आहे. जन्मोत्सवात पाळणा हलविणारा भाविक निव्वळ प्रेक्षक राहत नाही, कारण दोरी त्याच्या हाती असते. जन्मचित्रात पाहणारास अशी दोरी सापडते काय, हाच खरा प्रश्न होय.

या दृष्टीने पाहता फोन्सेका यांचे बळ साडीत नसून संयमात आहे. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बसू यांजकडून घेतलेली पातळ जलरंगांची रीत येथे उपयोगी पडते. जेथे परिवार थोडा, रंग मंद व मातेची दृष्टी बालकाकडे, तेथे पाहणाराची दृष्टीही तिकडेच वळते व त्यास उभे राहण्यास जागा उरते. जेथे केवळ भारतीय वेषभूषाच डोळ्यांत भरते, तेथे चित्र वादाचे उत्तर होते, ध्यानाचे साधन होत नाही.

यास्तव संग्राहकांस एक विनंती आहे. असे चित्र हाती येता केवळ कर्ता व काल टिपून थांबू नये. ते देवघरात होते की पुस्तकात, त्यासमोर कोणती प्रार्थना म्हटली जाई, पाठीमागे काही लिहिले आहे काय, हेही नोंदवावे; दिव्याची काजळी व घडीच्या खुणा पुसून टाकू नयेत. नादालच्या संग्रहातील टिपा फाडून नुसती चित्रे चौकटीत बसविली, तर ग्रंथ अर्धाच उरतो. उपयोगाची नोंद गमावलेल्या जन्मचित्राचीही तीच स्थिती होते.