जेरी बर्डची स्टील गिटार

कलावंताची थोरवी मोजताना त्याने काय काय साधले याची यादी करण्याचा प्रघात आहे. त्याने काय नाकारले याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. वस्तुतः पुष्कळ वेळा कलावंताची अभिरुची त्याच्या स्वीकारापेक्षा त्याच्या नकारातच अधिक स्वच्छ दिसते. मात्र तो नकार आळसातून किंवा अज्ञानातून आलेला नसावा, आणि त्याची किंमत त्या कलावंताने स्वतः मोजलेली असावी, एवढी अट आहे. या अटीस पूर्णपणे उतरलेला वादक म्हणून अमेरिकेतील जेरी बर्ड (१९२०–२००५) याची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी असे आम्हांस वाटते.

बर्डचे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या कानावर नसले, तरी त्याचे वाद्य अपरिचित नाही. ‘हवाईयन गिटार’ या नावाने ते आपल्या घराघरांत पोहोचले होते. व्हॅन शिप्ले किंवा सुनील गांगुली यांनी या वाद्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका ज्या घरात वाजल्या नाहीत असे सुशिक्षित घर एके काळी विरळाच. परंतु त्या परिचयामुळे एक गैरसमजही रूढ झाला. हे वाद्य म्हणजे गोड गाण्यांची गोड नक्कल करणारे एक यंत्र, असे पुष्कळांना वाटते. बर्डचे वादन ऐकल्यावर हा समज टिकत नाही.

प्रथम वाद्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. साधी गिटार छातीशी धरून वाजवतात आणि तिच्या तारा बोटांनी पडद्यांवर दाबतात. स्टील गिटार मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवलेली असते. वादकाच्या डाव्या हातात एक गुळगुळीत पोलादी तुकडा असतो. त्याला वादक ‘बार’ म्हणतात. तो तारांवरून हलकेच फिरवावयाचा, तारा खाली दाबावयाच्या नाहीत. पडद्यांच्या जागी ज्या रेघा दिसतात त्या केवळ डोळ्यांच्या सोयीसाठी. स्वर नेमका लागला की नाही हे कानानेच ठरवावे लागते. विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरताना ज्यांनी पाहिला आहे त्यांस ही कल्पना सहज येईल.

हे वादन हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मास आले. त्याचे जनकत्व सामान्यतः जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) याच्याकडे दिले जाते. त्याच्याही आधी गेब्रिएल डेव्हियन नावाचा, हिंदुस्थानात जन्मलेला एक तरुण होनोलुलूत गिटारीच्या तारांवरून वस्तू घासून वाजवीत असे, अशीही एक हकिकत नोंदलेली आहे. तीवरून आपण आपल्या देशाकडे श्रेय ओढून घ्यावे इतका तिचा पुरावा भक्कम नाही; परंतु या वाद्याची आणि आपल्या कानांची गाठ पुढे इतकी सहज का पडली, याचा विचार करताना ती आठवल्यावाचून राहत नाही. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या प्रदर्शनानंतर हवाईच्या संगीताचे वेड साऱ्या अमेरिकेत पसरले. १९३२ पासून विजेवर चालणारी स्टील गिटार बाजारात आली आणि या वाद्याचा क्षीण आवाज मोठ्या वाद्यमेळातही ऐकू येऊ लागला.

त्या लाटेचा एक शिंतोडा ओहायो संस्थानातील लायमा या गावी उडाला. गावात तंबू ठोकून आलेल्या एका हवाईयन मंडळीचा खेळ बर्डने लहानपणी पाहिला आणि त्या स्वराने तो कायमचा बांधला गेला. हवाई तेथून हजारो मैल दूर. तरीही सोल होओपी, डिक मॅकिन्टायर इत्यादी हवाईयन वादकांच्या ध्वनिमुद्रिका त्याने गुरूच्या ठिकाणी मानल्या. पोटापाण्यासाठी मात्र तो अमेरिकेतील ग्रामीण गाण्यांच्या, म्हणजे ‘कंट्री’ संगीताच्या, व्यवसायात शिरला. त्याच्या कलेतील सारी गंमत या दुहेरी संस्कारात आहे. गाणे केंटकी-टेनेसीकडचे, आणि त्याला मिळणारा प्रतिसाद समुद्रापलीकडच्या बेटांचा.

या संगमाचा उत्तम नमुना पाहावयाचा असेल, तर हँक विल्यम्स या गायकाच्या दोन ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. ‘लव्हसिक ब्लूज’ हे गीत डिसेंबर १९४८ मध्ये आणि ‘आय’म सो लोनसम आय कुड क्राय’ हे ऑगस्ट १९४९ मध्ये, सिनसिनाटी येथे मुद्रित झाले. दोहोंतही स्टील गिटार बर्डची आहे. पहिल्या गीताने त्या काळी लोकप्रियतेचा उच्चांक गाठला; आम्हांस मात्र दुसरे अधिक मोलाचे वाटते. तीन मात्रांच्या संथ लयीतले ते एकाकीपणाचे गाणे. अशा गाण्यात साथीदारास रडून दाखवण्याचा मोह सहज होतो, आणि स्टील गिटारीला रडणे तर फारच सोपे. बर्ड रडत नाही. गायकाची ओळ संपल्यावर तो जेवढे बोलावयाचे तेवढेच बोलतो, आणि पुढची ओळ येण्याआधी बाजूस होतो. आपल्याकडे ठुमरीला सारंगीची साथ करणारा जाणता वादक गायिकेच्या स्वराची छाया धरून चालतो, तिच्यापुढे जात नाही; तीच मर्यादा येथे दिसते. दुःख गायकाचे आहे, आपण त्याचे साक्षीदार आहोत, एवढे भान या वादनात अखेरपर्यंत सुटत नाही.

हे भान हाताच्या कोणत्या सवयींतून उतरते, तेही पाहण्याजोगे आहे. बर्डने जी तारांची जुळणी विशेष रूढ केली तिला ‘सी सिक्स्थ’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगावयाचे, तर सहा तारा सा, ग, प, ध, सा, ग अशा मिळवलेल्या असतात. त्याने बसवलेली दुसरी एक जुळणी सात तारांची असून तीत ग, म, प, ध, नी, सा, ग असे स्वर लागोपाठ येतात. एकटा रिषभ तेवढा बाहेर राहतो. आता अडचण अशी की बार सरळ धरला तर सर्व तारा सारख्याच अंतराने वर किंवा खाली सरकतात आणि स्वरांचे परस्परसंबंध बदलत नाहीत. ते बदलण्यासाठी बार तिरका करावा लागतो, म्हणजे एक तार एका घरात आणि शेजारची पुढच्या घरात थांबते. परंतु वर जावे तसतशी घरे आखूड होत असल्यामुळे हा तिरकेपणा प्रत्येक ठिकाणी वेगळा. तीन तारांवर तो साधणे तर अधिकच बिकट, कारण सरळ पोलाद तिन्ही ठिकाणी तंतोतंत बसत नाही. थोडी तडजोड करून ती कानाला जाणवू द्यावयाची नाही, हेच कसब. बर्डचा बार तिरका होताना ऐकू येत नाही. ऐकू येते ते एवढेच की एक स्वर जागीच राहिला आणि त्याच्या शेजारचा हळूच उजळला. त्यावर त्याचा तो संथ, मोजका कंप. स्वर लागल्याबरोबर तो थरथरत नाही. आधी स्थिर होतो, मग श्वास घेतल्यासारखा हलतो.

याच सुमारास या वाद्याच्या इतिहासात क्रांती झाली. वाद्याखाली पायाने दाबावयाचे पेडल बसवण्याची युक्ती आधीच निघाली होती. पेडल दाबले की ठराविक तार ठराविक अंतराने चढे. १९५४ साली गाजलेल्या वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गीतात बड आयझॅक्स याने तार वाजत असतानाच पेडल दाबून स्वर वळवला, आणि तो नवा ध्वनी सर्वांना इतका भावला की नॅशव्हिलच्या मुद्रणगृहांत त्यालाच मागणी येऊ लागली. वादकांनी भराभर पेडलची वाद्ये घेतली. बर्डने घेतली नाहीत.

या नकाराकडे हट्ट म्हणून पाहणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे निर्बुद्ध नाही. पेडलमुळे अनेक स्वरसंगती सुलभ झाल्या, एका तारेला धरून दुसरी चढवणे शक्य झाले, थोर वादकही त्या वाद्याने निर्माण केले. साधन नवे म्हणून ते हीन ठरत नाही. आपल्याकडील पेटीचा वाद आठवावा. मींड निघत नाही या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत कायम होती. तेवढ्याने थोर पेटीवादकांचे थोरपण कमी झाले नाही. तेव्हा बर्ड बरोबर आणि बाकीचे चूक, असा निवाडा आम्ही देऊ इच्छीत नाही.

आमचे म्हणणे वेगळे आहे. पेडलची मींड कोठून निघावयाची आणि कोठे थांबावयाची हे यंत्राने आधी ठरवलेले असते. वादकाच्या हाती, किंबहुना पायी, तिची गती तेवढी उरते. बर्डच्या मींडेचा आरंभ, मार्ग आणि मुक्काम ही तिन्ही हातात असतात, आणि म्हणून तिन्ही ठिकाणी चूक होण्याचा धोकाही असतो. हा धोका कायम ठेवणे हेच त्याच्या कलेचे मर्म होय. ज्या स्वराला चुकण्याची मुभा आहे त्याच्या अचूकपणात माणसाची चाहूल लागते. आपल्या संगीतात श्रुतींविषयी जो आग्रह धरला जातो त्याच्या मुळाशी हीच जाणीव आहे.

याचा अर्थ बर्डचे सारेच वादन सारख्या तोलाचे आहे असा नव्हे. त्याच्या पुढील काळातील कित्येक तबकड्यांत निवडलेल्या चाली फार सोप्या आहेत आणि साथीच्या वाद्यमेळाचा गोडवा अंगावर येतो. एवढे सूक्ष्म साधन हाती असता त्याने अधिक कठीण वाटा चोखाळल्या असत्या तर बरे, असे वाटते. ज्या संयमाने त्याने साथ केली तोच संयम त्याच्या स्वतंत्र वादनात कधी कधी भिडस्तपणाचे रूप घेतो.

परंतु त्याच्या नकाराची कसोटी पुढे लागली. १९७२ साली तो नॅशव्हिल सोडून हवाईस राहावयास गेला. तेथे या वाद्याकडे वळणारी तरुण मंडळी फार थोडी उरली होती; जेथे ते जन्मले तेथेच ते प्रवाशांच्या करमणुकीचे होऊन बसले होते. बर्डने तेथे वाजवले, शिकवले, शिक्षणक्रम लिहिला, वादकांचे मेळावे भरवले. ॲलन अकाका यांच्यासारखे हवाईयन वादक त्याच्या हाताखाली तयार झाले आणि त्यांनी ती विद्या पुढे नेली. परमुलखातील मुलाने तंबूत ऐकलेले ऋण त्याच्याच मातीत परत फेडावे, ही घटना संगीताच्या इतिहासात विरळ म्हटली पाहिजे. १९७८ साली स्टील गिटारवादकांच्या सन्मानमंदिरात पहिले नाव त्याचे घेतले गेले. २००३ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि २००५ साली होनोलुलूतच त्याचा अंत झाला. त्याने पेडल घेतले असते तर नॅशव्हिलला आणखी एक चांगला वादक मिळाला असता. हवाईला मात्र तिचा जुना हात शिकवणारा असा गुरू मिळाला नसता.

आपल्याकडेही हे वाद्य पेडलवाचूनच रुजले. हवाईत वाढलेला ताऊ मो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास सहकुटुंब राहिला होता. पुढे जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी अली अकबर खाँ यांच्या तालमीत या आडव्या गिटारीवर राग उभा केला, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीतून तो असंख्य श्रोत्यांपर्यंत पोहोचला. काबरा आणि बर्ड यांच्या संगीतात काही साम्य नाही. परंतु एक हात, एक पोलादी तुकडा आणि जागा असलेला कान, एवढ्यावर दोघांनीही विश्वास टाकला.

रसिक वाचकांस आमची एवढीच सूचना आहे की त्यांनी बर्डची ती १९४९ ची ध्वनिमुद्रिका मिळवून सवडीने ऐकावी, आणि ऐकताना गायकाच्या दोन ओळींमधील जागांकडे लक्ष द्यावे. तेथे फार थोडे स्वर आहेत. त्यांतला एकही काढता येत नाही.