पर्यावरणाचा अभ्यासक्रम आणि गैरहजर माणूस

विद्यापीठाचा अभ्यासक्रम हीही एक संहिताच असते, आणि साहित्यकृतीप्रमाणे तिचीही समीक्षा झाली पाहिजे, असे मला वाटते. तिलाही कर्ते असतात. त्या कर्त्यांना एक जग दिसते आणि दुसरे दिसत नाही. मराठी साहित्याला दलित समीक्षेने पन्नास वर्षांपूर्वी एक साधा प्रश्न विचारला : या साहित्यात आम्ही कुठे आहोत? त्या प्रश्नाने मराठी साहित्याचा नकाशा बदलला. विज्ञानाच्या आणि तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना मात्र हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. विज्ञानाला जात नसते, ही समजूत आपणही निमूटपणे मान्य केली. सूत्राला जात नसते हे खरेच आहे. पण कोणते सूत्र कोणत्या प्रश्नासाठी शिकवायचे हे ठरवणारी माणसे एका विशिष्ट समाजव्यवस्थेतून आलेली असतात. त्यांच्या निवडीत ती व्यवस्था उतरते. पर्यावरणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या निमित्ताने हे मला तपासून पाहायचे आहे. हा विषय मी काही वर्षे महाविद्यालयात शिकवला आहे, तेव्हा मी बाहेरचा टीकाकार नाही.

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा असे सांगितले. पुढे २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर या शिक्षणाला वेग आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम देशभरच्या पदवी वर्गांत पोहोचला. आठ घटक, पन्नास तासिका, शंभर गुण : पंच्याहत्तर लेखी परीक्षेचे आणि पंचवीस क्षेत्रकार्याचे. कला, वाणिज्य, विज्ञान, सर्व शाखांना तोच. नैसर्गिक साधनसंपत्ती, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या असा त्याचा विस्तार होता. वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनाही अन्नसाखळी, ओझोनचा थर आणि भूजल यांची ओळख व्हावी, हा हेतू चांगलाच होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. 'सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण' या घटकात कायद्यांची यादी होती : पर्यावरण संरक्षण, हवा, पाणी, वन्यजीव, वनसंवर्धन. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ मध्येच झालेला होता. तो या यादीत नव्हता. मैला हा पर्यावरणाचा प्रश्न नसेल तर कशाचा आहे? वाघाच्या संरक्षणाचा कायदा पर्यावरणात येतो, आणि मैल्यात हात घालणाऱ्या माणसाच्या सुटकेचा कायदा येत नाही! पुढे श्रेयांक पद्धतीनुसार अभ्यासक्रम नव्याने बांधला गेला. त्यात पर्यावरणाच्या चळवळी म्हणून तीन नावे आली : चिपको, सायलेंट व्हॅली आणि राजस्थानचे बिष्णोई. त्याला लागूनच आणखी एक कलम होते : पर्यावरण रक्षणातील भारतीय व इतर धर्मांची आणि संस्कृतींची भूमिका. चिपकोबद्दल, बिष्णोईंबद्दल मला आदर आहे. झाडासाठी मरणारा माणूस मोठाच असतो. पण पाण्यासाठी झालेला या देशातला एक अत्यंत मोठा लढा या यादीत नाही, आणि ज्या धर्मव्यवस्थेविरुद्ध तो लढावा लागला तिच्या 'भूमिके'चा धडा मात्र आहे. याचा अर्थ काय करायचा?

मी अर्थातच महाडबद्दल बोलतो आहे. मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव १९२३ मध्ये झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. महाड नगरपालिकेने त्याला मान्यताही दिली. कागद बदलला, तळे बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी तळे 'बाटले' म्हणून पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केले. हा प्रसंग आपण समतेच्या लढ्याचा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण मला तो पर्यावरणशास्त्राच्या प्रयोगशाळेत न्यायचा आहे.

पाणी किती दूषित आहे हे ठरवण्याची एक कसोटी आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात हे त्यात मोजतात. तिला बी.ओ.डी. म्हणतात. आकडा जितका मोठा तितके पाणी घाण. या कसोटीवर महाडचे दोन प्रसंग ठेवून पाहा. माणसाने ओंजळभर पाणी उचलून प्यायले, तर तळ्याच्या बी.ओ.डी.त काय फरक पडतो? काहीही नाही. शेण, गोमूत्र, दूध आणि दही तळ्यात ओतले तर? बी.ओ.डी. वाढतो. दूध तर या बाबतीत घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट जड पदार्थ आहे. दूध-डेअरीच्या सांडपाण्याचा धडा शिकवणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला हे ठाऊक असते. शेणाबरोबर आतड्यातले जीवाणू पाण्यात जातात, आणि तेच जीवाणू पाणी पिण्यास अयोग्य असल्याची खूण म्हणून आम्ही परीक्षानळीत शोधतो. म्हणजे विज्ञानाच्या भाषेत त्या दिवसांत चवदार तळ्याचे प्रदूषण झाले असेल तर ते शुद्धीकरणाने झाले! इतके स्वच्छ, इतके निर्विवाद उदाहरण उपलब्ध असताना 'प्रदूषण' या शब्दाची व्याख्या शिकवणाऱ्या एकाही तासाला ते आठवू नये, हे मला साधे विस्मरण वाटत नाही. प्रदूषण आणि विटाळ या दोन कल्पनांची या देशात गल्लत झालेली आहे. ती गल्लत सोडवणे हेच पर्यावरणशिक्षणाचे पहिले काम होते. ते काम त्याने अंगावर घेतलेच नाही.

याच कसोटीचा आणखी एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ती इंग्लंडातून आली. तिथल्या प्रमाणानुसार नमुना पाच दिवस, २० अंश सेल्सिअस तापमानाला ठेवतात. आपल्याकडची हवा उष्ण. म्हणून भारतीय मानकाने ती बदलून तीन दिवस, २७ अंश अशी केली. हे शहाणपणाचेच झाले. बाहेरून आलेले शास्त्र इथल्या वास्तवाशी जुळवून घेता येते, याचा हा पुरावा आहे. परंतु इथली हवा ओळखणाऱ्या शास्त्राने इथला समाज ओळखला नाही. तापमानाची दुरुस्ती झाली, जातीची दुरुस्ती राहून गेली.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण अभियांत्रिकी हा वेगळा विषय असतो. त्यात मलवाहिनीची रचना शिकवतात. तिथे 'स्वयंशोधन वेग' नावाची एक संकल्पना आहे : सांडपाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगाने वाहिले की गाळ तळाशी बसत नाही आणि वाहिनी स्वतःच स्वतःला साफ ठेवते. गणित सुंदर आहे. उतार काढा, व्यास काढा, गुण मिळवा. पण प्लास्टिक, चिंध्या आणि बांधकामाचा राडारोडा पोटात गेलेल्या आपल्या शहरांतल्या वाहिन्या स्वतःला साफ करीत नाहीत. त्यांना कोण साफ करते, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत येत नाही. 'मॅनहोल' या शब्दातच त्याचे उत्तर आहे. माणूस उतरण्यासाठी ठेवलेले भोक! आराखड्यातच माणूस गृहीत धरलेला आहे. फक्त तो कोण हे सांगितलेले नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, आणि सडक्या अंड्यांचा वास येईनासा झाला म्हणून सुटलो असे वाटते तोच माणूस कोसळतो. हे रसायनशास्त्र वर्गात शिकवले जाते. ते ज्याच्या जिवाशी निगडित आहे तो वर्गाबाहेर असतो.

केंद्र सरकारने शहरांतील गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद केली. २०२४ मध्ये तिची जी माहिती प्रसिद्ध झाली, तीत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. १९९३ नंतर २०१३ मध्ये दुसरा कायदा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला, आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढत गेली, कारण मरणे थांबली नाहीत. २०१८ मध्ये केरळातील तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव तयार करून दाखवला. म्हणजे तंत्रज्ञान अशक्य नव्हते. चंद्राची कक्षा मोजणाऱ्या देशाला गटारात यंत्र उतरवायला इतकी वर्षे लागावीत, याचे कारण तंत्रज्ञानाच्या पुस्तकात सापडणार नाही. माणूस स्वस्त होता, आणि तो कोणत्या वस्तीत मिळतो हे सर्वांना माहीत होते.

आता इतिहासाकडे वळतो. पर्यावरणाच्या इतिहासाचा धडा बहुतेक १९७२ पासून सुरू होतो. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर जागतिक परिषद भरली आणि इंदिरा गांधी तिथे बोलल्या. त्याच १९७२ मध्ये महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. स्टॉकहोमला जे 'मानवी पर्यावरण' म्हटले गेले, त्याचे या शहरातले खरे दर्शन प्रस्थापित मराठी वाचकाला कुणी घडवले? सांडपाणी, उकिरडा, उपासमार आणि देहविक्रय ज्या हवेत एकत्र राहतात ती हवा साहित्यात आणणारा कवी पर्यावरणाचा साक्षीदार नव्हे काय? १९७८ मध्ये आलेल्या दया पवारांच्या 'बलुतं'कडे आपण आत्मकथन म्हणून पाहतो. गावकी, ढोरे ओढणे, गावाची घाण उपसणे हे ज्या व्यवस्थेत एका जातीच्या वाट्याला येत होते, त्या व्यवस्थेची ती घनकचरा व्यवस्थापनाची नोंदवहीही आहे. आपल्या समीक्षेने दलित साहित्याचे हे अंग अजून नीट उलगडलेले नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे.

क्षेत्रकार्याबद्दल थोडे सांगतो. आयोगाच्या मूळ अभ्यासक्रमात 'स्थानिक प्रदूषित स्थळाला भेट' असे एक काम होते. विद्यार्थ्याने जावे, पाहावे, अहवाल लिहावा. माझ्या वर्गातल्या काहींच्या बाबतीत ती 'भेट' नव्हती. तो त्यांचा राहण्याचा पत्ता होता. नाल्याकाठच्या वस्तीतल्या मुलामुलींनी फुलपाखरांची चित्रे चिकटवून प्रकल्प सादर केले, कारण आपले घर हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मुंबईचे देवनार घ्या. तिथे कचरा टाकणे १९२७ मध्ये सुरू झाले. महाडचा सत्याग्रह झाला तेच वर्ष. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या आगीचा धूर शहरभर पसरला तेव्हा तो पर्यावरणाचा प्रश्न ठरला. त्याआधी तो डंपिंगच्या कडेला राहणाऱ्यांच्या खोकल्याचा प्रश्न होता.

काही विद्वान म्हणतील, जातीचा विचार समाजशास्त्राच्या पेपरात होतोच. विज्ञानाच्या तासाला तो कशाला? हा युक्तिवाद वरवर सोज्वळ आहे. धर्माची भूमिका विज्ञानाच्या तासाला चालते, लोकसंख्यावाढ चालते, नीतिमूल्ये चालतात. जात आली की शास्त्राची शुद्धता आठवते. ही शुद्धताही मला पंचगव्याच्या घागरीसारखीच वाटते.

वेगळे काही करता येत नाही असे नाही. पुण्यात एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायांबरोबर काम करू लागल्या. त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे घरोघर कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. कचरा वेचणे ही भीक किंवा चोरी नसून शहराचा खर्च वाचवणारे श्रम आहेत, हे तिथे हिशेबाने मांडले गेले. या बाया बहुसंख्येने आपल्या समाजातल्या. पर्यावरणाचे खरे विद्यापीठीय शिक्षण झाले ते असे. आणि लक्षात घ्या, ते पर्यावरणाच्या विभागात नव्हे, प्रौढ शिक्षणाच्या विभागात झाले.

२०२३ मध्ये आयोगाने नवी चौकट आणली. तीत चार श्रेयांक आहेत, हवामानबदलाला स्वतंत्र जागा आहे, आणि क्षेत्रकार्यात महाविद्यालयाच्या आवारातील घनकचरा, पाणी, स्वच्छता व सांडपाणी यांकडे लक्ष देण्याची सोय आहे. तेव्हा आपल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे : ही सोय वापरा. कॉलेजची संडासे कोण साफ करते, कंत्राटावर की कायम, पगार किती, हातमोजे मिळतात का, सेप्टिक टाकी शेवटची कधी आणि कुणी उपसली, याचा अहवाल लिहा आणि त्याला गुण मागा. प्रकरणाभ्यासात महाड घ्या. १७ मार्च १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल पाण्याच्या हक्काचा निकाल म्हणून वाचा. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला गती दिली. १९४५ मध्ये त्यांच्याच काळात ज्या केंद्रीय आयोगाची स्थापना झाली, तोच आज केंद्रीय जल आयोग म्हणून ओळखला जातो. हे अभियांत्रिकीच्या वर्गात सांगा. तळ्याचा सत्याग्रही आणि धरणांचा विचार करणारा मंत्री हा एकच माणूस होता, हे आपल्या मुलांना कळले तर विज्ञान परके वाटणार नाही.

विज्ञानाला नकार देण्याची आपल्याला गरज नाही. चवदार तळ्याच्या काठी ते आपल्याच बाजूने साक्ष देते. आता त्याला अभ्यासक्रमातही साक्षीला बोलावले पाहिजे.