डिजिटल प्रसारणाचा 'स्वीकार' : रॉजर्स यांचा सिद्धान्त आणि धरणगावची छत्री

एव्हरेट रॉजर्स यांचा 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' हा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. नवी वस्तू स्वीकारण्याच्या क्रमानुसार त्यांनी लोकांचे पाच गट केले. त्यांतील शेवटचा गट 'मागे राहिलेल्यांचा'. डिजिटल दूरचित्रवाणीच्या संदर्भात ही मांडणी कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सिद्धान्ताची एक बाजू मान्य करावीच लागेल. दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. तीच पुढे 'डीडी फ्री डिश' झाली. धरणगाव तालुक्यात कापसाचा पैसा हंगामात हाती येतो. दरमहा वर्गणी भरण्यापेक्षा छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घेणे अशा कुटुंबाच्या जमाखर्चात बसते. रॉजर्स ज्याला सुसंगती म्हणतात ती हीच. शिवाय शेजाऱ्याच्या धाब्यावरील छत्री सर्वांना दिसते. म्हणजे दृश्यताही आली.

परंतु भू-प्रसारणाकडे, म्हणजे साध्या अँटेनावर मिळणाऱ्या डिजिटल सेवेकडे वळताच ही मांडणी अपुरी पडते. दूरदर्शनने ही सेवा २००३ मध्ये चार महानगरांत सुरू केली. २०१६ मध्ये सुधारित तंत्रासह ती १६ शहरांत आली. महाराष्ट्रातील त्यांपैकी शहरे दोनच : मुंबई आणि तत्कालीन औरंगाबाद. दूरदर्शनची बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद झाली. धरणगावच्या अँटेनाधारकापुढे स्वीकारण्याजोगे काही आलेच नाही. मग त्याला 'मागे राहिलेला' कसे म्हणावे? अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मुख्य अ‍ॅनालॉग प्रसारण थांबले. तत्पूर्वी नव्या संचांत डिजिटल ट्यूनर बंधनकारक झाला होता आणि परिवर्तक पेटीसाठी प्रत्येकी ४० डॉलरची कूपने देण्यात आली होती. तेथील स्वीकार हे बऱ्याच अंशी धोरणाचे फलित होते.

स्वीकारानंतरचा प्रश्न अधिक गंभीर आहे. १ मार्च २०१९ पासून झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल यांसारख्या लोकप्रिय वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेण्यात आल्या. रॉजर्स वस्तूचा त्याग होतो हे मान्य करतात; मात्र त्यांच्या मांडणीत तो त्याग वापरणारा करतो. येथे बॉक्स तोच, प्रेक्षकही तोच. निर्णय मात्र अन्यत्र झाला.

हानी केवळ करमणुकीची नाही. उपग्रहाचा झोत देशभर पडतो आणि खासगी वाहिन्यांना त्यावर जागा लिलावाने मिळते. अहिराणीसारख्या बोलीला अशा बाजारात स्थान मिळणे अवघड. आकाशवाणीचे केंद्र जळगावात असू शकते, तर जिल्ह्यापुरते चित्रप्रसारणही अशक्य नव्हते. परंतु दूरदर्शनची लघुशक्ती केंद्रे प्रामुख्याने पुनःप्रक्षेपणच करीत राहिली. डिजिटल भू-प्रसारणात एकाच कंप्रतेवर अनेक वाहिन्या मावतात. ती संधी खानदेशात आलीच नाही.

दोष व्यक्तीवर ढकलण्याची प्रवृत्ती आपल्या संशोधनक्षेत्रात आहे, हे रॉजर्स यांनीही पुढील आवृत्त्यांत मान्य केले. तरीही आपल्याकडील प्रश्नावल्या 'आपण संच का घेतला नाही?' असेच विचारतात. त्याआधी 'आपल्या गावी काय उपलब्ध होते आणि ते कोणी ठरविले?' हा प्रश्न यावयास हवा. तो वगळून काढलेला निष्कर्ष धोरणातील उणीव ग्रामीण प्रेक्षकाच्या माथी मारतो.