बसची बातमी आणि कात्रजचा घाट

मासिकांतील परीक्षणास पुस्तकच हवें, असा एक संकेत आहे. परंतु जें गद्य सुशिक्षित कुटुंबांत रोज सकाळीं चहाबरोबर वाचलें जातें, ज्यावरून घरांतील मतें बनतात व खर्चाचे बेतही ठरतात, त्याचें परीक्षण करूं नये असें कोणत्याही शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. शहरांतील बसविषयीं पुण्याच्या वर्तमानपत्रांत येणारी बातमी हा अशा गद्याचा ठळक नमुना होय. पूर्वीची पीएमटी २००७ सालीं पिंपरी-चिंचवडच्या परिवहन-संस्थेशीं एक होऊन पीएमपीएमएल झाली. बातमीचे साचे मात्र तेच राहिले.

त्या साच्यांची ओळख प्रथम करून घेऊं. चालत्या गाडीनें पेट घेतला किंवा उतारावर ब्रेक निकामी झाला, हा पहिला. त्यांत भयानक रस असतो. पावसाळ्यांत छत गळूं लागलें व उतारूनें आंतच छत्री उघडली, हा दुसरा. येथें छायाचित्रासह हास्यरस. सुट्या पैशांवरून वाहकाशीं झालेली हातघाई, हा तिसरा, तेथें रौद्र. चौथा साचा आंकड्यांचा: तोटा इतके कोटी, बंद गाड्या इतक्या. भाषा बहुधा सुबोध असते, मथळा नेमका असतो, आणि वाचक मिनिटभर संतापून पुढील बातमीकडे वळतो.

वर्तमानपत्रें केवळ काळी बाजू रंगवितात, अशी तक्रार अधिकारीवर्गाकडून ऐकूं येते. त्या तक्रारींत आम्ही सामील नाहीं. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचे दोष झांकणें हें वर्तमानपत्राचें काम नव्हे, आणि वेळेवर आलेल्या गाडीची बातमी होत नाहीं हेंही आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. बसनें जाणाऱ्याचें जें रोजचें दुःख, तें या खऱ्याखुऱ्या बातम्यांत येतच नाहीं.

तें दुःख वाट पाहण्याचें आहे. सायंकाळीं स्वारगेटला कात्रजकडे जाणाऱ्यांची गर्दी पाहावी. बराच वेळ गाडी नसते. मग एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या एकामागून एक येतात. पहिलींत पाय ठेवण्यास जागा नसते, दुसरी निम्मी रिकामी असते. उतारूस हा चालकांचा खोडसाळपणा वाटतो. वास्तविक कारण साधें आहे. कोंडींत सांपडून एका गाडीस उशीर झाला, कीं पुढील थांब्यावर तिच्यासाठीं अधिक माणसें जमतात. तीं चढण्यास अधिक वेळ लागतो, व ती आणखी मागें पडते. मागील गाडीस माणसेंच उरत नाहींत, म्हणून ती झपाट्यानें येऊन पहिलीस गांठते. गाड्यांमधील अंतर राखणारा नियंत्रक आणि बसला मोकळा रस्ता, हे त्यावरील उपाय. पण यांत आग नाहीं, मारामारी नाहीं, म्हणून बातमीही नाहीं. आमच्या साहित्यशास्त्रानें अष्टनायिकांत विरहोत्कंठितेस स्थान दिलें. वाट पाहणें हाही वर्ण्य विषय आहे, हें त्यास ठाऊक होतें. वृत्तसंपादकांस तें अद्याप पटलेलें दिसत नाहीं.

मोकळ्या रस्त्याचा प्रयोग याच वाटेवर झाला होता. डिसेंबर २००६ मध्यें कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठीं राखीव मार्गिका सुरू झाली. देशांतील तो पहिला प्रयत्न होय. त्यांत उणिवा पुष्कळ होत्या. थांब्यापर्यंत जाण्यास वाहता रस्ता ओलांडावा लागे, आणि राखीव मार्गिकेंत दुचाक्या व मोटारी घुसत. त्यासंबंधीं टीका होणें योग्यच होतें. परंतु मार्गिका खरोखर मोकळी राहिली तर कात्रजच्या उतारूचीं किती मिनिटें वांचतात, आणि घुसखोरीनें तीं किती वायां जातात, हा हिशेब आम्हांस क्वचितच वाचावयास मिळाला. वाहनवाल्या वाचकाच्या मनांत उरलें तें एवढेंच, कीं बसनें आपला रस्ता अडविला.

‘कात्रजचा घाट दाखविणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत रूढ आहे. १६६३ सालीं लालमहालांत शाएस्तेखानावर छापा घातल्यावर शिवाजी महाराजांनीं कात्रजच्या घाटांत बैलांच्या शिंगांना पलिते बांधवून शत्रूस तिकडे धांवावयास लाविलें, व स्वतः दुसऱ्या वाटेनें निघून गेले, अशी आख्यायिका आहे. त्या रात्रीं पलित्यांचा उजेड खराच होता. सैन्य मात्र तिकडे नव्हतें. बसच्या बातमीचें असेंच झालें आहे. जळती गाडी खरी, गळतें छत खरें. वाचकाची नजर तिकडे लागते, आणि फेऱ्या पुरेशा आहेत कीं नाहींत हा प्रश्न दुसऱ्या वाटेनें निसटून जातो. येथें फसविण्याचा हेतु कोणाचाही नसतो, इतकाच काय तो फरक.

आणि ही बातमी वाचतो कोण? बहुधा ज्यानें बस सोडली आहे तो. तींत त्यास आपल्या निर्णयाचें समर्थन सांपडतें, आणि मुलगी महाविद्यालयांत जाऊं लागली कीं तो तिला दुचाकी घेऊन देतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. पण एकेक सुशिक्षित कुटुंब असें खालीं उतरलें, कीं बससाठीं भांडणारा एक आवाज कमी होतो; रस्त्यावर एक दुचाकी वाढते, कोंडी वाढते, व बसला आणखी उशीर होतो. थांब्यावर उरतात त्या घरकामास जाणाऱ्या स्त्रिया, विद्यार्थी व वृद्ध मंडळी.

वर्तमानपत्राच्या पानांत आम्हांस समाधान देणारा एकच लेखनप्रकार आहे, तो म्हणजे वाचकांच्या पत्रव्यवहारांतील चार ओळींचें पत्र. अमुक थांबा, अमुक क्रमांक, सहापासून पावणेसातपर्यंत एकही गाडी नाहीं. त्यांत अलंकार नसतो. पण तें तपासून पाहतां येतें, म्हणून त्यास उत्तर द्यावें लागतें. ‘कारभार ढिसाळ आहे’ हें वाक्य कोणताही अधिकारी हंसून टाळूं शकतो.

स्वारगेट ते कात्रज ही ५.४६ किलोमीटरची भुयारी मेट्रो केंद्र सरकारनें ऑगस्ट २०२४ मध्यें मंजूर केली. ती धांवूं लागली तरी स्थानक गांठण्यास पुष्कळांना बस लागेलच. म्हणून एखाद्या संपादकानें आपल्या बातमीदारास घड्याळ व वही देऊन महिनाभर कात्रजच्या थांब्यावर उभें करावें, आणि तो जें टिपील तें पेटलेल्या गाडीच्या छायाचित्राशेजारीं छापावें. तें वाचून कदाचित् कोणी संतापणार नाहीं. पण थांब्यावर ताटकळणाऱ्यास आपली संध्याकाळ प्रथमच छापून आलेली दिसेल.