कोल्हापूरचा इंग्रजी भाषासंग्रह आणि आपले 'डिजिटल' संशोधन : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : भाषासंग्रह, भारतीय इंग्रजी, भाषा प्रयोगशाळा, चुकांचे विश्लेषण, मातृभाषा

इंग्रजी भाषेचे अध्यापन आणि डिजिटल तंत्रज्ञान या विषयावर महाविद्यालयीन नियतकालिकांतून गेल्या दीड-दोन दशकांत विपुल लेखन झाले आहे. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी पदोन्नतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजण्यास आरंभ केल्यानंतर या लेखनाला बहर आला, हे आपण सर्वजण जाणतो. प्रस्तुत लेखात या लेखनाच्या संशोधनपद्धतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

या लेखांचा साचा परिचयाचा आहे. आरंभी माहिती-तंत्रज्ञानाच्या क्रांतीचा गौरव येतो, त्यानंतर भाषा प्रयोगशाळा, मोबाइल, यू-ट्यूब यांचे फायदे येतात. पुढे विद्यार्थ्यांना भरून घेण्यास दिलेली प्रश्नावली व टक्केवारीचे तक्ते असतात आणि शेवटी तंत्रज्ञान उपयुक्त आहे असा निष्कर्ष निघतो. प्रश्नावलीतील प्रश्न 'तुम्हाला हे साधन आवडले का?' या स्वरूपाचे असतात. हेडफोन लावून बसण्याची नवलाई ज्या विद्यार्थ्याला प्रथमच लाभली, तो 'आवडले' असेच उत्तर देणार. आवड हे शिकण्याचे प्रमाण नव्हे. साधन वापरण्यापूर्वी त्याचे इंग्रजी कसे होते, नंतर कसे झाले आणि साधनाविना शिकलेल्या समवयस्काचे त्याच काळात काय झाले, या तीन गोष्टी नोंदविल्याशिवाय उपयुक्ततेविषयी काहीही म्हणता येत नाही. परंतु पद्धतीतील या दोषापेक्षाही एक उणीव अधिक खटकते. या लेखांत विद्यार्थ्याचे इंग्रजी वाक्य सहसा सापडत नाही. भाषेवरील संशोधनात भाषाच अनुपस्थित असते.

हे असे का व्हावे, याचे आश्चर्य वाटते; कारण संगणकाच्या साह्याने इंग्रजीचा अभ्यास करण्याची एक भक्कम परंपरा महाराष्ट्रातच निर्माण झाली होती. शिवाजी विद्यापीठातील प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला भारतीय इंग्रजीचा 'कोल्हापूर कॉर्पस' हा जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांनी वापरलेला भाषासंग्रह आहे. १९६१ मध्ये छापल्या गेलेल्या अमेरिकन इंग्रजीचा ब्राउन विद्यापीठातील संग्रह आणि त्याच वर्षाच्या ब्रिटिश इंग्रजीचा लँकेस्टर-ऑस्लो-बर्गन संग्रह यांच्या धर्तीवर तो रचला गेला. सुमारे २००० शब्दांचे ५०० उतारे, म्हणजे एकूण १० लाख शब्द, असे त्याचे स्वरूप आहे. वृत्तपत्रे, धार्मिक लेखन, शासकीय अहवाल, शास्त्रीय निबंध, कथा-कादंबरी असे विविध प्रकार त्यात येतात.

मात्र शास्त्री यांनी मूळ आराखडा जसाच्या तसा उचलला नाही. त्यांनी १९६१ ऐवजी १९७८ हे वर्ष निवडले. स्वातंत्र्याला तीन दशके उलटल्यानंतरचे, भारतीयांच्या हाती रुळलेले इंग्रजी त्यांना हवे होते. ललित लेखनात भारतात विज्ञानकथा व साहसकथा कमी लिहिल्या जात असल्यामुळे त्या प्रकारांतील उतारे घटवून सामान्य कथासाहित्याचे प्रमाण त्यांनी वाढविले. आराखडा परका असला, तरी आपली भाषा पाहून त्याला मुरड घालण्याचा हा विवेक आजच्या कोणत्याही संशोधकाने अभ्यासावा असा आहे. हे काम झाले तेव्हा महाविद्यालयांत संगणक ही वस्तू दुर्मीळ होती, हेही लक्षात घ्यावे. पुढे आंतरराष्ट्रीय इंग्रजी संग्रहाच्या भारतीय विभागातही कोल्हापूरचा सहभाग राहिला. त्या प्रकल्पाच्या आराखड्यात ६० टक्के भाग बोललेल्या भाषेचा असतो.

अशा संग्रहाचा आपल्या वर्गाशी संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होईल. एकच उदाहरण घेऊ. 'आय हॅव रेड धिस बुक लास्ट इयर' असे वाक्य विद्यार्थी लिहितो आणि आपण त्याखाली लाल रेघ ओढतो. परंतु मराठीत 'मी हे पुस्तक मागच्या वर्षीच वाचले आहे' हे वाक्य निर्दोष आहे. मराठीतील 'वाचले आहे' या रूपाला भूतकाळाचा निश्चित निर्देश चालतो, इंग्रजीतील तत्सम रूपाला तो चालत नाही. तेव्हा चूक मातृभाषेमुळे झाली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हिंदीतही तशीच रचना आहे आणि भूतकाळदर्शक शब्दासह हे रूप योजण्याची लकब भारतीय इंग्रजीच्या अभ्यासकांनी सर्वसाधारणपणे नोंदविली आहे. मग ही विद्यार्थ्याची चूक, मराठीचा प्रभाव की भारतीय इंग्रजीचे वैशिष्ट्य? सुशिक्षित भारतीय लेखकांच्या छापील इंग्रजीत ही रचना किती वेळा आणि कोणत्या लेखनप्रकारात येते, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. ते पाहण्याची सोय कोल्हापूरच्या संग्रहाने करून ठेवली आहे. लाल रेघ ओढण्यापूर्वी विचारण्याचा हा प्रश्न आहे, आणि त्यावर विद्यार्थ्याचे गुण अवलंबून असतात.

या संग्रहाच्या मर्यादाही उघड आहेत. त्यात शिकणाऱ्याचे इंग्रजी नाही. ती उणीव भरून काढणारा शिकाऊ इंग्रजीचा आंतरराष्ट्रीय संग्रह बेल्जियममधील लूव्हाँ येथे सिल्व्हियान ग्रँजे यांच्या पुढाकाराने तयार झाला. २००२ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत ११ मातृभाषांचे विद्यार्थी होते आणि त्या सर्व भाषा युरोपातील होत्या. शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या अंतर्गत व्याकरणाचा पुरावा असतो, असे एस. पी. कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडले होते. बी. एड. च्या अभ्यासात आपण ते शिकवतो आणि पुरावा मात्र उत्तरपत्रिकांसह रद्दीत जाऊ देतो.

वर्धा जिल्ह्यासंदर्भात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेपुढे गांधीजींनी ठेवलेल्या योजनेत सात वर्षांत मॅट्रिकची पातळी गाठायची होती, ती इंग्रजी वगळून आणि उद्योग जोडून. २००० साली महाराष्ट्र शासनाने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. या दोन टोकांमधले अंतर आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूरच्या ज्या मुलामुलींनी चालून काढले, त्यांचे इंग्रजी प्रत्यक्षात कसे घडले याची नोंद कोठे आहे? घरात 'मले', 'तुले' म्हणणारा, शाळेत प्रमाण मराठी वाचणारा आणि बाजारात हिंदी बोलणारा हा विद्यार्थी तिसरी किंवा चौथी भाषा म्हणून इंग्रजीकडे येतो. उच्चार शिकविणारी आयात संगणकप्रणाली त्याला ब्रिटिश किंवा अमेरिकन नमुन्याशी ताडून पाहते. वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' करणाऱ्या जिभेविषयी तिला काहीच ठाऊक नसते. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या रूपाने १९९७ पासून भाषेला वाहिलेले विद्यापीठ या शहरात आहे. महाविद्यालयांतील इंग्रजी विभागांनी तेथील अभ्यासकांशी संवाद साधल्यास हे काम अवघड नाही.

साधनांची सबब तर मुळीच सांगता येणार नाही. वासेदा विद्यापीठातील लॉरेन्स अँथनी यांची 'अँटकॉन्क' ही प्रणाली विनामूल्य असून एखादा शब्द संग्रहात कोणकोणत्या वाक्यांत आला, याची संदर्भसूची ती क्षणात देते. साध्या संगणकावरही ती चालते. भाषा प्रयोगशाळेवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत हे जवळजवळ फुकट आहे. (नॅकच्या समितीला प्रयोगशाळा दाखविता येते, संदर्भसूची दाखविता येत नाही, ही अडचण मान्य आहे.)

घाई करावी असे एक कारण आता उद्भवले आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅट-जीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून घरून लिहून आणलेला निबंध विद्यार्थ्याचाच आहे, असे गृहीत धरता येत नाही. अशा निबंधांतून संग्रह केल्यास तो यंत्राच्या इंग्रजीचा होईल. त्यामुळे वर्गात, शिक्षकासमोर, हाताने लिहिलेला मजकूरच घ्यावा लागेल. विद्यार्थ्याची लेखी संमती घ्यावी आणि नाव गाळावे. तालुका, शालेय माध्यम, घरची बोली आणि इंग्रजी कितवीपासून शिकला, एवढी माहिती मात्र प्रत्येक मजकुराबरोबर हवी. पहिल्या वर्षी एका महाविद्यालयातून २०० निबंध जमले तरी आरंभास पुरेत. टंकलेखन करताना एकही चूक दुरुस्त होता कामा नये. त्यासाठी संगणकातील आपोआप शुद्धलेखन सुधारणारी सोय आधी बंद करावी.