नदी सुरय : वर्गीकरण आणि प्रदेशमर्यादा

कुरव आणि सुरय यांची गणना सागरी पक्ष्यांत करण्याचा प्रघात जुना आहे. कुलाचा विचार करता तो समर्थनीय असेलही. परंतु सातारा-सांगलीकडील कृष्णेवर सूर मारून मासा टिपणारा नदी सुरय या वर्गनामात बसत नाही. पिवळी चोच, विणीच्या काळातील काळी टोपी, खोल दुभंगलेले शेपूट ही त्याची लक्षणे. गोडे पाणी हे त्याचे घर.

या जातीच्या नामकरणाशी दख्खनचा निकटचा संबंध आहे. जे. ई. ग्रे याने १८३१ मध्ये तिला ‘स्टर्ना ऑरँशिया’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी विल्यम साइक्स याने दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत तीच जात ‘स्टर्ना सीना’ म्हणून नोंदविली. अग्रक्रमाच्या नियमाने ग्रेचे नाव टिकले. साइक्सचे समानार्थी नामांत जमा झाले. (‘सीना’ हे आपल्याकडील एका नदीचेही नाव आहे, पण केवळ नामसादृश्यावर व्युत्पत्ती उभारू नये.) २००५ मध्ये जनुकीय पुराव्यावरून जुन्या ‘स्टर्ना’ प्रजातीतून अनेक सुरय वेगळे काढण्यात आले, नदी सुरय मात्र तेथेच राहिला. म्हणजे नात्याने तो सागरी सुरयांचाच आप्त ठरतो. तथापि नाते हा एक प्रश्न आणि वसतिस्थान हा दुसरा. त्यांची गल्लत हाच प्रचलित विवेचनाचा मुख्य दोष होय.

प्रदेशमर्यादेबाबतही हीच ढिलाई आढळते. साइक्सचा ‘दख्खन’ हा शब्द प्रांत सांगतो, प्रवाह सांगत नाही. आजचे नकाशेही पाकिस्तानपासून इंडोचायनापर्यंतचा पट्टा सरसकट रंगवितात. त्या रंगात माण, आटपाडी, जत येथील कोरडे माळ आणि कऱ्हाडचा कृष्णा-कोयना संगम यांत भेद उरत नाही. वस्तुतः हा पक्षी उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या वाळूच्या व खडकांच्या बेटांवर अंडी घालतो. ऐन विणीत वरच्या धरणातून पाणी सुटले किंवा वाळूउपसा झाला, की ते बेट नाहीसे होते. २०२० पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ही जात ‘असुरक्षित’ गणली गेली आहे. अशा वेळी ‘सांगली जिल्ह्यात आढळतो’ एवढी नोंद निरुपयोगी होय. नदीचा कोणता टप्पा, कोणता महिना, पाण्याची पातळी किती आणि घरटे होते की नुसते उड्डाण, हे तीत आलेच पाहिजे.